पानातलं मीठ

रोज स्वयंपाक होत आला की श्यामलाताई पातेल्यावरचं झाकण उचलत, चष्मा कपाळावर सरकवत आणि डोळे मिटून वाफेत तोंड घालत. वास मनासारखा लागला की तळहातावर मीठ घेत, ते पातेल्यात सोडत, आणि मोठ्यानं म्हणत, "मीठ घातलं गं!"

घरात ऐकायला कुणी असो वा नसो. इंग्लंडातल्या क्रॉयडनच्या त्या अरुंद घरात बहुतेक वेळा फक्त त्यांचे यजमान कमलाकर असत आणि तेही पुढच्या खोलीत टीव्हीसमोर पेंगत. तरी आरोळी चुकायची नाही. तासगावला त्यांच्या माहेरी स्वयंपाकघरात एका वेळी चार बायका वावरायच्या, आणि देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कशाची चव बघायची पद्धत नव्हती. वासानं सगळं कळे. फोडणी जळली का, डाळ कच्ची राहिली का, चिंच जास्त झाली का. मिठाला मात्र वास नाही. म्हणून जी मीठ घालेल तिनं ओरडून सांगायचं, म्हणजे दुसरी पुन्हा घालणार नाही.

तासगाव सुटलं, लग्न होऊन इंग्लंडात आल्या, शाळेच्या किचनमध्ये मुलांना जेवण वाढता वाढता रिटायर झाल्या. आरोळी राहिली. लेक ऋजुता लहानपणी समजायची की हा पूजेचाच एक भाग आहे. नर्सरीत वाळूची खीर करताना तीही मूठभर वाळू सोडून ओरडायची, "मीठ घातलं गं!" आणि मिस विचारायच्या, हे कुठलं गाणं?

ही ऋजुता मोठी होऊन ईस्ट क्रॉयडन स्टेशनजवळच्या एका इन्शुरन्स कंपनीत लागली, आणि तिशी उलटल्यावर एक दिवस ती नोकरी सोडून ऑक्स्टेड गावाच्या पलीकडे एका द्राक्षमळ्यावर कामाला गेली.

"मळ्यावर?" कमलाकर म्हणाले. "द्राक्षं तोडायला? अगं, मग आपण इथवर आलो कशाला?"

"माझ्या वडिलांनी जन्मभर तेच केलं," श्यामलाताई म्हणाल्या. "आणि तुम्हाला हुंड्यात बेदाणेच हवे होते. विसरलात?"

"मी हुंडा मागितलाच नव्हता."

"म्हणून बेदाण्यांवर भागलं."

ऋजुताला आईचा हा पाठिंबा आयुष्यभर पुरला असता. पण श्यामलाताईंनी एकदा मळा पाहिला आणि तो पाठिंबा डळमळला. पांढऱ्या खडूच्या मातीचा उतार, वर राखाडी आभाळ, आणि जुलै महिन्यात अंगावर कार्डिगन. तासगावच्या द्राक्षांना त्यांनी उन्हात तापताना, साखरेनं फुटायला येताना पाहिलं होतं. इथली हिरवी, लहान, टणक. एक मणी तोंडात टाकून त्यांनी डोळे घट्ट मिटले.

"बाळा, ही पिकतात का कधी?"

"पिकते, आई. हळूहळू पिकते. थंडीत हळू पिकली की वास चांगला येतो."

"पिकतात. द्राक्षं. तो एक मणी, ती द्राक्षं."

"हो, पिकतात," ऋजुता हसून म्हणाली. मराठीतली लिंगं तिच्या हातून नेहमीच निसटत.

त्या द्राक्षाच्या जातीचं नाव बॅकस. थंड हवेत वाढणारी, पांढऱ्या वाईनची. ऋजुता मळ्यावर तीन-चार हंगाम राबल्यावर मालकीण हिलरी हिनं तिला कुंपणाकडच्या ओळी आणि एक छोटी स्टीलची टाकी दिली. "हे तुझं," ती म्हणाली. "मी मध्ये पडणार नाही. फक्त शेवटी चाखणार." पण नेमका तो उन्हाळा पावसात गेला. द्राक्षं पिकली, पण आंबटपणा सोडायला तयार होईनात. ऋजुतानं तो आंबटपणा औषधानं मारला नाही, साखरेखाली झाकलाही नाही. जसं वर्ष होतं तशी वाईन व्हावी, एवढंच तिच्या मनात होतं.

फेब्रुवारीत हिलरीनं चाखलं आणि बराच वेळ ती ग्लासाकडे पाहत राहिली.

"वास सुंदर आहे," ती म्हणाली. "पण तोंडात लिंबू पिळल्यासारखं होतंय, ऋजुता. ही एकटी बाटलीत भरली तर लोक परत आणून देतील. आपल्या नेहमीच्या मिश्रणात घालू. तिथं ती चांगलं काम करेल."

म्हणजे ती नाहीशी होईल. मोठ्या टाकीत एक घागर. ऋजुताचा आवाज थोडा चढला. "ही नुसती पिण्याची वाईन नाहीये. जेवणाबरोबरची आहे."

हिलरी न्यायी बाई होती. "मग जेवण दाखव," ती म्हणाली. "बाटल्या एप्रिलमध्ये भरायच्या आहेत. मार्चच्या शेवटच्या रविवारी मला आणि डेरेकला जेवायला घाल. त्यानंतर ठरवू."

डेरेक म्हणजे मळ्यावरचा छाटणीवाला. सत्तरीचा, बोलायला फटकळ, आणि एरवी बिअरशिवाय कशाला हात न लावणारा.

ऋजुता त्याच संध्याकाळी टाकीतली थोडी वाईन एका जॅमच्या बरणीत भरून घरी आली. कमलाकरांनी घोट घेतला आणि त्यांचा उजवा डोळा आपोआप मिटला.

"छान आहे," ते म्हणाले.

"बाबा, खरं सांगा."

"खरंच छान आहे. दाढ दुखत होती, ती बधिर झाली."

"आई, तू तरी एक सिप घे ना."

"आधी पाहुण्यांना जाऊ दे," श्यामलाताई म्हणाल्या. "नंतर बघू." त्यांचा दारूला विरोध होता असं नव्हे. पण कुणाला वाढायच्या आधी एखाद्या गोष्टीची चव बघायची हे त्यांच्या हातून होणारच नव्हतं. त्यांनी बरणी उचलली, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळे मिटले.

ऋजुता श्वास रोखून उभी राहिली.

"टोमॅटोचं देठ तोडल्यावर बोटांना येतो तो वास," श्यामलाताई म्हणाल्या. "आणि कच्चा पेरू. सालीसकट. आणि मागे कुठेतरी गवत कापल्यासारखं." त्यांनी पुन्हा वास घेतला. "चांगलं आहे गं हे."

पण वास घेणं निराळं आणि त्याला जेवण शोधणं निराळं. पहिल्या रविवारी त्यांनी बटाटेवडे आणि मिरचीचा ठेचा केला, कारण पिण्याबरोबर चमचमीत लागतं एवढं त्यांना ऐकून माहीत होतं. ठेच्यापुढे वाईन पाण्यासारखी झाली. नंतरच्या रविवारी श्रीखंड. श्रीखंडाच्या गोडीपुढे ती अशी आंबट झाली की ऋजुताच्या डोळ्यांत पाणी आलं. कमलाकरांना ते सगळं फार आवडत होतं. रोज रविवार असावा असं त्यांचं मत पडलं.

शेवटी श्यामलाताईंनी बरणी ओट्यावर ठेवली, शेजारी कोथिंबिरीची जुडी ठेवली, काकडी मोडून ठेवली, नारळ फोडून वाटी ठेवली आणि आळीपाळीनं एकेकीचा वास घेत राहिल्या.

"हिरव्याशेजारी हिरवं," त्या म्हणाल्या. "दडपे पोहे करते. काकडी, कोथिंबीर, ओलं खोबरं, वरून लिंबू. मिरची फोडणीत, नावाला. सोबत अळूवड्या आणि खमंग काकडी."

"लिंबू कमी घाल हं, आई. आधीच माझा वाईन इतका आंबट आहे."

"माझी वाईन. इतकी आंबट."

"हो, तीच. लिंबू नकोच घालू."

आंबट पदार्थासोबत आंबट वाईन मवाळ लागते, हे ऋजुतानं वाचलेलं होतं. पण भीती काही पुस्तकं वाचत नाही. तिला वाटलं, आणखी आंबट वाढवून आपण कशाला विषाची परीक्षा घ्यायची. श्यामलाताईंनी मान डोलावली. पोह्यांत लिंबू नाही म्हणजे काय, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

मार्चचा शेवटचा रविवार त्या वर्षी पाडव्याचा निघाला. ऋजुता आदल्या रात्रीच घरी येऊन झोपली होती. सकाळी ती आंघोळ करून खाली आली तर मागच्या अंगणात कुंपणाला गुढी उभी होती, शेजारची मांजर तिच्या रेशमी सोग्याकडे टक लावून बसली होती, अळूवड्या तळून झाल्या होत्या, आणि आई निवांतपणे खोबरं खवत होती.

"आई, निघायचं ना?"

"अजून तासभर आहे की."

"कुठला तास?"

दोघींनी एकदम भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग ऋजुतानं हातातल्या फोनकडे पाहिलं. रात्रीत इंग्लंडची घड्याळं एक तास पुढे गेली होती. फोनला ते आपोआप कळलं होतं. भिंतीवरच्या घड्याळाला कमलाकर स्टुलावर चढून सांगत, आणि ते अजून उठायचे होते.

"अहो!" श्यामलाताईंनी जिन्याकडे तोंड करून हाक मारली. त्या हाकेत घड्याळ, स्टूल आणि चाळीस वर्षांचा संसार सगळंच आलं.

मग जी धांदल उडाली ती उडाली. खोबरं पोह्यांत पडलं, काकडी पडली, कोथिंबीर पडली, फोडणी चरचरली. ऋजुता डबे पुसत होती, कमलाकर एका पायात मोजा घालून दुसरा शोधत होते. श्यामलाताईंनी पोह्यांवर ताट दडपलं, देवापुढे पानात सगळं थोडं थोडं वाढलं, पाणी फिरवलं, हात जोडले आणि झाकणं लावली. निघता निघता त्यांनी मिठाची छोटी डबी आणि लिंबांची पिशवी पर्समध्ये टाकली.

"लिंबू नको म्हटलं ना, आई."

"पोह्यांत नाही घातलं. पानात डावीकडे वाढायला नको का? मीठ-लिंबाशिवाय पान होतं का कधी?"

ट्रेनमध्ये सगळीकडे फुलांचे गुच्छ होते. इंग्रजांचा मातृदिनही त्याच रविवारी होता. समोरच्या सीटवरचा मुलगा डॅफोडिल्स छातीशी धरून बसला होता. ऋजुता ओशाळली.

"आई, मी तुझ्यासाठी कार्डसुद्धा आणलं नाही."

"मग तो पोह्यांचा डबा नीट धर, तेवढं पुरे," श्यामलाताई म्हणाल्या. त्यांनी झाकण किलकिलं करून वास घेतला. काकडी, खोबरं, हिंग, सगळं जागच्या जागी. त्या समाधानानं मागे टेकल्या. ऋजुताला मात्र आपण काहीतरी विसरलोय असं सारखं वाटत राहिलं. वाईन? ती मळ्यावरच होती. ग्लास? तेही तिथंच. मग काय, ते तिला उमगेना.

मळ्यावरच्या जुन्या कोठारात हिलरीनं लांब टेबल मांडलं होतं. श्यामलाताईंनी कुणाला हात लावू दिला नाही. त्यांनी थाळ्या मांडल्या आणि माहेरच्या पंगतीत वाढत तशा वाढायला लागल्या. आधी मीठ, पांढरी चिमूट. मग लिंबाची फोड, कोशिंबीर, उजवीकडे अळूवड्या, समोर पोहे. ऋजुतानं ग्लास भरले. कमलाकर उगाच खिडकीबाहेरच्या हवेबद्दल बोलू लागले.

हिलरीनं आधी वाईनचा घोट घेतला. चेहरा तोच, फेब्रुवारीतला. मग पोह्यांचा घास घेतला. ती विचारपूर्वक चावत राहिली. पुन्हा घोट. मग तिनं थाळी किंचित दूर सरकवली.

ऋजुतानं घास घेतला. पोहे मऊ होते, खोबरं गोड होतं, फोडणी खमंग होती. आणि सगळं मिळून काहीच लागत नव्हतं. ट्रेनमध्ये काय विसरल्यासारखं वाटत होतं ते तिला आत्ता कळलं. सकाळपासून तिनं ते तीन शब्द ऐकलेच नव्हते.

"आई," ती हळूच म्हणाली, "मीठ."

श्यामलाताईंचा हात थाळीवरच थांबला. त्यांनी घास तोंडात घातला, आणि त्यांचा चेहरा असा पडला की ऋजुताला वाईनची पर्वाच राहिली नाही. लेकीच्या एवढ्या मोठ्या दिवशी, पाहुण्यांसमोर. शाळेत शेकडो मुलांना जेवू घातलं तेव्हाही असं झालं नव्हतं.

"ते घड्याळ," कमलाकर पुटपुटले. "माझीच चूक."

"गप्प बसा हो," त्या म्हणाल्या, पण आवाजात बळ नव्हतं.

त्याच वेळी टेबलाच्या टोकाला बसलेला डेरेक आपल्या थाळीतली पांढरी चिमूट आणि लिंबाची फोड न्याहाळत होता.

"मीठ आणि लिंबू," तो म्हणाला. त्याचा चेहरा उजळला. "अरे, हे मला येतं! स्पेनला सुट्टीवर गेलो होतो तेव्हा टकिलाबरोबर असंच देत होते."

आणि कुणी काही सांगायच्या आत त्यानं बोट मिठात बुडवून चाटलं, लिंबाची फोड दातांत पिळली आणि ऋजुताची वाईन अर्धा ग्लास घशाखाली ओतली.

श्यामलाताईंनी कपाळाला हात लावला.

डेरेकनं ग्लास उजेडाकडे धरला. ओठांवरून जीभ फिरवली. "बदलून दिलीस का?" त्यानं ऋजुताला विचारलं.

"काय?"

"ही निराळी आहे. ही गोड आहे."

"डेरेक, ती तीच आहे," हिलरी म्हणाली.

"मग तू करून बघ."

हिलरीनं बोट मिठात बुडवलं. तिला ते जरा चमत्कारिक वाटत होतं, पण ती न्यायी होती. मीठ, लिंबू, घोट. तिच्या भुवया वर गेल्या. तिनं थाळी जवळ ओढली, पोह्यांवर ते मीठ भुरभुरलं, लिंबू पिळलं, आणि श्यामलाताईंकडे पाहून विचारलं, "हे असं हातानं मिसळायचं का?"

"हो, हो," श्यामलाताई घाईनं म्हणाल्या. "नीट कालवा. खालून वर."

हिलरीनं कालवलं, खाल्लं, आणि घोट घेतला. मग पुन्हा एक घास, पुन्हा एक घोट. लिंबाच्या आंबटपणापुढे वाईनचा आंबटपणा शहाण्या मुलासारखा मागे जाऊन बसला होता, आणि त्याच्या आडोशाला इतके दिवस जे दडलं होतं ते पुढे येत होतं. पेरू, हिरवं देठ, कापलेलं गवत. ऋजुतालाही ते लागलं. ओल्या खोबऱ्यावर ती वाईन अशी उतरत होती, जसं कुणी तिला त्याचसाठी घडवलं असावं.

"अळूवडी," हिलरी बोट दाखवून म्हणाली. "हिच्यावर पण लिंबू?"

"सगळ्यावर," कमलाकर म्हणाले. "आमच्याकडे शंका आली की लिंबू."

डेरेकनं दुसऱ्यांदा पोहे मागितले, तिसऱ्यांदा मागितले, आणि श्यामलाताईंनी त्याला चौथ्यांदा न मागता वाढले. तो थाळीवर हात आडवा धरायला शिकला, पण त्या हाताच्या बाजूनं कसं वाढायचं हे त्यांना चांगलं येत होतं. त्यांचा चेहरा हळूहळू पूर्ववत होत होता. तरी त्या मधेच म्हणाल्याच, "पण मी खरंच विसरले हो. मुद्दाम अळणी नाही ठेवलं."

ऋजुतानं ते इंग्रजीत हिलरीला सांगितलं. हिलरी हसली ती डोळे पुसेपर्यंत हसली.

"तुझ्या आईला सांग," ती म्हणाली, "ही वाईन मी मिश्रणात घालत नाही. हिची बाटली निराळी. आणि बाटलीच्या मागच्या लेबलवर आपण नेहमी मासे आणि शेळीचं चीज लिहितो ना, तिथं काय लिहायचं ते तू ठरव."

ऋजुताला उठून नाचावंसं वाटलं. तिनं तसं काही केलं नाही. ती आईच्या खुर्चीमागे गेली आणि तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवून उभी राहिली. श्यामलाताईंनी हिंगाच्या वासाचा हात मागे नेऊन तिचा गाल थोपटला.

पहिली बाटली घरी आली तेव्हा जून उजाडला होता. क्रॉयडनच्या रुळांकडेला एल्डरफ्लॉवरची पांढरी छत्रं फुलली होती आणि ट्रॅमच्या उघड्या दारातून त्यांचा वास आत येत होता. ऋजुतानं बाटली टेबलावर ठेवली. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलं होतं की या वाईनसोबत पोहे खावेत, आणि जवळ मीठ-लिंबू असू द्यावं. कमलाकरांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि शेजारच्यांना दाखवायला बाहेर घेऊन गेले.

संध्याकाळी स्वयंपाकघरातून आरोळी आली, "मीठ घातलं गं!" आणि पानं वाढली गेली. कमलाकरांचा ग्लास भरला, ऋजुताचा भरला. मग ऋजुतानं आईकडे पाहिलं.

"सगळ्यांना मिळाली?" श्यामलाताईंनी विचारलं.

"सगळ्यांना. हिलरीला, डेरेकला, शेजारच्यांना पण. दुकानात सुद्धा लागली, आई. आता कुणी राहिला नाही."

"कुणी राहिलं नाही," त्यांनी सवयीनं दुरुस्त केलं. मग आपलं स्टीलचं फुलपात्र पुढे सरकवलं. "यात घाल. तो काचेचा माझ्या हातून फुटेल."

ऋजुतानं तळाला थोडीशी ओतली. श्यामलाताईंनी चष्मा कपाळावर सरकवला, डोळे मिटले आणि वास घेतला. मग फुलपात्र ओठांना लावलं आणि आयुष्यातला पहिला घोट घेतला.

कमलाकर घास हातात धरून थांबले होते. श्यामलाताईंच्या कपाळावर एक बारीक आठी आली, मग मिटली. त्यांनी फुलपात्रात डोकावून पाहिलं, आणखी किती आहे ते पाहावं तसं.

"जरा मीठ सरकव गं इकडे," त्या म्हणाल्या.